आधीची पेटी

माझी धाकटी जाऊ समाजसेवा करते. सकाळी नीट आवरून, गळ्यात संस्थेचं ओळखपत्र अडकवून ती जिना उतरते, तेव्हा खाली मी माझ्या गाडीचं बॉनेट उघडून उभी असते. ती नाकाला रुमाल लावून म्हणते, "वहिनी, किती दिवस हे तेलकट हात?" मी म्हणते, "साबण आहे घरात."

माझी ड्रायव्हिंग स्कूल आहे. स्कूल म्हणजे एक गाडी, टपावर पाटी आणि मी. नवरा गेला, गाडी उरली. ती चालवायला शिकले, मग शिकवायला लागले. माझ्या बाजूला एक जादा ब्रेक आहे, त्याच्यावर माझं पोट चालतं. चांगले मिशाळ बाप्ये चौकात "आई गं" करून डोळे मिटतात, तेव्हा माझा पाय खाली जातो आणि आम्ही दोघंही वाचतो. वर ते म्हणतात, "मी दाबणारच होतो."

तर जावेने मला धरलं. संस्थेला मार्गदर्शक कमी पडत होते. अडचणीतल्या मुलींसोबत आठवड्याला दोन तास बसायचं.

"वहिनी, तुमचं तोंड फटकळ आहे, पण काही मुलींना तसलंच कुणीतरी लागतं."

"देणार काय?"

"अहो, सेवा आहे ही."

"फुकट म्हण ना मग."

गेले मी. घरी बसून तरी काय करायचं होतं? मार्गदर्शकांचं आधी एक प्रशिक्षण झालं. एक गुळगुळीत दाढीचा माणूस पडद्यावर चित्रं दाखवत सांगत होता: ऐकायचं. सल्ला द्यायचा नाही. वस्तू द्यायची नाही. घरी तर अजिबात न्यायचं नाही. फक्त सोबत असायचं.

मी हात वर केला. "आणि पोरगी सरळ भिंतीवर चालली असली तर?"

"तर तिला तिचा प्रवास करू द्यायचा, ताई."

माझ्या गाडीत मी लोकांना त्यांचा प्रवास करू दिला असता, तर अर्धं गाव आज प्लास्टरमध्ये असतं. पण आजूबाजूच्या बायका माना डोलावून लिहून घेत होत्या. मीही गप्प बसले. चहा बरा होता.

मला जी मुलगी दिली तिला बाकीच्या मुली 'घडी' म्हणायच्या. हाताला लागेल ते ती घडी करून ठेवायची. बिस्किटाचा कागद, रुमाल, बसचं तिकीट, समोरच्याचा टेबलावर पडलेला स्कार्फ. कोपऱ्याला कोपरा जुळवून, वरून तळहात फिरवून. आईबाप लहानपणीच गेले. मामाची लॉन्ड्री होती, तिथे ती शाळा सुटल्यापासून इस्त्री करत होती. रात्री त्याच टेबलाखाली झोपायची. दोन्ही मनगटांवर भाजल्याचे डाग, काही जुने काळे, काही ताजे गुलाबी.

"मामा मारतो का?" मी पहिल्याच दिवशी विचारलं. असं विचारायचं नसतं म्हणे.

"नाही हो मावशी. मामा कशाला मारेल? मारायला उठावं लागतं ना."

तेव्हाच मला ती आवडली.

ऐकायचं असं ठरलेलं, पण तिला सांगायचंच नव्हतं काही. तिला विचारायचं होतं. क्लच दाबला की आत नेमकं काय सुटतं? चढावर गाडी मागे का येते? लॉन्ड्रीसमोरच्या भिंतीवर तिने संस्थेचं पोस्टर बघितलं होतं: मुलींसाठी मोठी मालवाहू गाडी चालवण्याचं शिक्षण, वर्षभर, राहायची सोय, पुढे नोकरी. त्या पोस्टरसाठी ती आली होती. तिला मार्गदर्शन नको होतं, स्टिअरिंग हवं होतं.

मी सगळे नियम गुंडाळून ठेवले. बंद पडलेल्या थिएटरच्या मागे मोठं आवार आहे, तिथे तिला गाडीत बसवली. पहिल्या दिवशी गाडी सतरांदा बंद पडली. प्रत्येक वेळी ती म्हणायची, "सॉरी हां," मला नाही, गाडीला. महिन्याभरात ती माझी गाडी दोन खांबांमधून उलटी अशी काढायला लागली, की माझा पाय ब्रेकपासून लांब जाऊन आरामात पसरला. असं माझ्या बाबतीत होत नाही.

अडचण पुढेच होती. त्या शिक्षणाची जागा एकच. तिचा खर्च एका शर्टांच्या कारखान्याचे मालक करणार होते, आणि कुणाला द्यायची ते वार्षिक कार्यक्रमात मुलींची भाषणं ऐकून तेच ठरवणार होते. गाडी कुणाला येते, हा प्रश्न कुणाच्या डोक्यातही नव्हता. आणि इकडे मामाने लॉन्ड्री आवरायला काढली होती. महिनाअखेरीला तो मामीच्या भावाकडे, दूरच्या गावी नवं दुकान टाकणार होता, मोठं. इस्त्रीची दोन टेबलं. एका टेबलावर घडी.

"जागा मिळाली तर मामा सोडेल?" मी विचारलं.

"सोडेल. त्याला नाही म्हणायचासुद्धा कंटाळा येतो. पण नुसतं जाते म्हटलं तर विचारेल, कुठे? आणि कुठे ते सांगायला पाहिजे ना मला."

म्हणजे ती जागा मिळाली तर मोठी गाडी, नाहीतर दुसरं टेबल. मधलं काही नव्हतं.

भाषणांची तालीम संस्थेच्या सभागृहात झाली. जावेची त्यात एक पद्धत होती. मार्गदर्शकाने पहिल्या रांगेत बसायचं, हातात पांढरा रुमाल. मुलगी दुःखाच्या वाक्याला आली की मार्गदर्शकाने रुमाल वर करायचा. रुमाल दिसला की मुलीने थांबायचं, खाली बघायचं, मग आवंढा गिळून पुढचं वाक्य. मला रुमाल दिला. कडेला नाजूक लेस होती.

"हे कशाला?" मी म्हटलं.

"मुली गडबडतात हो. भरभर बोलून टाकतात. ऐकणाऱ्याला वेळ द्यायला नको?"

"कशाला वेळ? रडायला?"

"वहिनी, सगळ्यालाच तुम्ही असं काय बोलता?"

एक मुलगी तालमीत तिच्या भावाच्या मरणाबद्दल बोलली. रुमाल वर गेला, ती थांबली. जाऊ म्हणाली, "सुंदर! पण बाळा, 'तो गेला' म्हणू नकोस, 'मी त्याला शेवटचं पाणी पाजलं' म्हण." पोरगी म्हणाली, "पण मी नव्हते तिथे." जाऊ म्हणाली, "भावना तर होती ना?" आजूबाजूच्या बायकांनी माना डोलावल्या. माझ्या तोंडात चहा होता. तो मी परत कपात सोडला.

घडीचं भाषण चार वाक्यांचं होतं. जावेने कपाळाला हात लावला. "हिच्यात काही होतच नाही. आणि हिचा फोटो बघा." पहिल्या दिवशी प्रत्येक मुलीचा फोटो काढतात. घडी त्यात निळ्या ड्रेसमध्ये उभी होती, कॉलर ताठ, केस बांधलेले, तोंडभर हसू. नव्या ठिकाणी जाताना माणूस जसा जातो तशी. "हा 'आधी'चा फोटो आहे? कुणाला पटेल? चला माझ्याबरोबर."

सभागृहामागे सामानाची खोली होती. तुटक्या खुर्च्या, बॅनरच्या गुंडाळ्या, आणि एक पत्र्याची पेटी. पेटीवर पांढऱ्या रंगात लिहिलं होतं: आधी. जावेने झाकण उघडलं तसा साबणाचा वास आला. आत कपडे होते. फाटके. कोपर गेलेले, खांद्यावर उसवलेले, गुडघ्याला भोकं पडलेले. आणि प्रत्येकाची घडी घातलेली, कडक इस्त्री केलेली, मधेमधे डांबराच्या गोळ्या.

मला आधी कळेचना. "वाटायला आलेत का हे? फाटकेच पाठवतात मेले."

"नाही हो. हे आपले आधीचे कपडे. मुली येताना चांगले कपडे घालून येतात, काय करणार! फोटोत काही दिसतच नाही. देणाऱ्याला अंतर दिसावं लागतं, वहिनी. इथून," तिने एक हात पसरला, "इथपर्यंत." बाजारात मासा केवढा होता ते सांगतात तसे तिचे दोन हात हवेत होते. "फोटोपण याच्यात आणि भाषणपण याच्यात. मग पाहुणे स्वतःच्या हाताने मुलीला नवं जाकीट घालतात. फार हृद्य होतं ते. आणि दर वर्षी आपण सगळं बाहेर धुऊन घेतो हं. मुलींना काही त्वचेचं झालं तर? आपली जबाबदारी आहे."

घडी पुढे झाली. तिने एक तपकिरी झगा उचलला. कॉलरजवळ तिरकं ठिगळ होतं. बाहीवरच्या रेषेवरून तिने बोट फिरवलं.

"हा मी केलाय," ती म्हणाली.

"काय केलायस, बाळा?"

"इस्त्री. ही पेटी आमच्याकडेच येते. तुमचा शिपाई घेऊन येतो. दर वर्षी येते." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मला वाटायचं मावशी, इथल्या मुलींचे कपडे असतील. म्हणून मी फाटलेल्या जागी खालून बोट धरून करायचे, आणखी फाटू नये म्हणून. म्हटलं, फाटकं तर फाटकं, निदान नीट असू दे बिचारीचं."

तिच्या मनगटावरचे डाग मी इतके दिवस बघत होते. त्यातला कुठला त्या बिचारीसाठी होता, ते मी विचारलं नाही.

ती झगा घेऊन बाहेर पडवीत गेली. तिथे भिंतभर जोडीजोडीने फोटो लावलेत: आधी, नंतर. आधी, नंतर. घडीने एकावर बोट ठेवलं. "हा." पुढे जाऊन दुसऱ्यावर. "हापण हाच." मग तिसऱ्यावर. तीन वेगळ्या मुली, तीन वेगळी वर्षं, आणि कॉलरजवळ तेच तिरकं ठिगळ. प्रत्येक फोटोत पोरगी विस्कटलेल्या केसांनी, गालाला काहीतरी फासून उभी, आणि बाहीवर सुरीने कापल्यासारखी सरळ इस्त्री.

जाऊ अगदी जवळ जाऊन फोटो बघायला लागली. चष्मा वर केला, खाली केला. मला वाटलं, आता हिला शरम वाटेल. मेलेल्यालाही वाटली असती.

ती म्हणाली, "अगं बाई, खरंच की! रेषा दिसतात! इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात नाही आलं. पाहुणे तर शर्टवाले आहेत, त्यांना लगेच कळलं असतं. बाळा, किती बारीक नजर गं तुझी! पुढच्या वर्षीपासून नुसतं धुऊन घ्यायचं."

मी तिच्या आणि फोटोच्या मधे जाऊन उभी राहिले.

"तू माणूस आहेस का कोण आहेस?" मी म्हटलं. "ही पोरगी तुझ्यापुढे उभी आहे, आणि तू बाहीची रेषा बघतेस?"

"वहिनी, ओरडू नका. या फोटोंवर पोरी शिकल्यात. ही बघा नर्स झाली. ही बघा, दुकान आहे तिचं. तुम्ही काय दिलंत आजवर कुणाला?"

मी तोंड उघडलं होतं. जे येत होतं ते छापण्यासारखं नव्हतं. पण घडीने माझी बाही धरली.

"मावशी, गप्प बसा. मला जागा पाहिजे." मग जावेला म्हणाली, "मॅडम, मी घालीन हा. घरी नेते. धुऊन आणते."

"धुऊ नकोस गं, असाच—"

"धुऊन आणते," ती म्हणाली.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृहात फुलदाण्या होत्या, अत्तराचा वास होता. पहिल्या रांगेत शर्टवाले पाहुणे, शेजारी आम्ही मार्गदर्शक, मांडीवर रुमाल. मी माझा रुमाल खुर्चीवर ठेवून त्याच्यावर बसले होते.

जिचा भाऊ गेला होता ती आधी बोलली. तिने शेवटचं पाणी पाजलं. रुमाल वर गेला, ती थांबली, आणि मग खरोखरच रडायला लागली. थांबेचना. लोकांनी डोळे पुसले. जाऊ पडद्याआडून मान हलवत होती, छान, छान. त्या पोरीचा मला राग नाही. तिचं दुःख खरं होतं. म्हणून तर किळस जास्त आली.

मग घडी आली. तपकिरी झगा. कोपर गेलेलं, ठिगळ तसंच, खालची शिवण उसवून लोंबतेय. आणि त्याला अशी इस्त्री, की सभागृहात इतकं नीटनेटकं दुसरं काही नव्हतं. पाहुण्यांचा शर्टसुद्धा नव्हता. केस बांधलेले, तोंड स्वच्छ धुतलेलं. मला तिने आदल्या दिवशी सांगितलं होतं, "फाटकं घालीन मावशी. चुरगळलेलं नाही घालणार."

ती म्हणाली, "मी मामाच्या लॉन्ड्रीत इस्त्री करते. मला इस्त्री नाही करायची. मला मोठी गाडी चालवायला शिकायचंय. छोटी येते मला, उलटीपण काढता येते." आणि थांबली. रुमालाशिवाय.

टाळ्या वाजल्या, थोड्या. पाहुणे मात्र खुर्चीत पुढे सरकले होते. ते उठले, मंचावर गेले, आणि तिची बाही दोन बोटांत धरून बघितली. दुकानात कापड बघतात तशी. आत पोरगी आहे हे विसरून.

"ही इस्त्री कोणी केली?"

"मी."

"एवढ्या जुन्या कापडाला? शिवण कुठेही न ओढता?" ते माइककडे वळले. "माझ्याकडे शंभर माणसं आहेत, पण असा हात एकाचा नाही! मी आत्ता इथे जाहीर करतो. ही मुलगी उद्यापासून माझ्या कारखान्यात. इस्त्री विभागात. कायम!"

सभागृह उठून उभं राहिलं. काय त्या टाळ्या! मघाशी रडत होत्या त्या बायका आता हसत रडत होत्या. पाहुण्यांनी नवं जाकीट तिच्या खांद्यावर टाकलं. मी एकटी बसून होते, आणि मंचावरून ती एकटी माझ्याकडे बघत होती. चालवताना पुढे अचानक कुणी आलं की ती तशीच माझ्याकडे बघते, मी ब्रेक दाबतेय का म्हणून. मी मान हलवली, नाही दाबत. तुझी गाडी आहे, बाई.

ती माइकजवळ गेली.

"नको," ती म्हणाली.

टाळ्या सगळीकडून एकदम थांबत नाहीत. मागच्या रांगा वाजवत राहिल्या.

"नको मला. गाडीची जागा द्यायची तर द्या."

जाऊ धावत आली, माइक धरला, तिला पोटाशी धरलं. "भारावून गेलीय पोर! शब्दच सुचत नाहीयेत तिला!" पुन्हा टाळ्या. पाहुण्यांचा चेहरा जरा पडला होता, तो वर आला. गाडीची जागा त्यांनी रडलेल्या मुलीला दिली. त्या मुलीला गाडीत बसलं की उलट्या होतात, हे तिच्या मार्गदर्शकालाही माहीत होतं. पण ती बाई फक्त ऐकणारी होती.

घडी मागच्या दाराने बाहेर आली. जाकीट तिने खुर्चीच्या पाठीवर नीट टाकून ठेवलं होतं. माझी गाडी संस्थेच्या आवारात उभी होती. मी चावी तिच्याकडे टाकली. ती चालवायच्या बाजूला बसली, मी माझ्या. तिला रडू येत होतं, पण आज रडायचं नाही असं तिने ठरवलं असावं. आजचं रडणं त्यांच्या कामाचं होतं.

"मामा कधी निघतोय?" मी विचारलं.

"शनिवारी."

"त्याने विचारलं कुठे, तर सांग, मावशीकडे."

"कुठल्या मावशीकडे?"

"किती मावश्या आहेत तुला? सोफा आहे माझ्याकडे. एक पाय हलतो त्याचा. तू रात्री फार लोळत नसशील तर पडणार नाहीस. मोठ्या गाडीची परीक्षा बाहेरूनही देता येते. वेळ लागेल, आणि शिकवताना मी शिव्या देते."

"माहितीय." मग ती म्हणाली, "पण घरी न्यायचं नसतं ना?"

"मार्गदर्शकाने न्यायचं नसतं." मी गळ्यातलं संस्थेचं ओळखपत्र काढलं. "आणि ऐक. माझ्याकडे इस्त्री नाही. मी चुरगळलेलंच घालते. हात लावलास माझ्या कपड्यांना तर हाकलून देईन."

तेवढ्यात काचेवर टकटक झाली. जाऊ. घामेजलेली, खुशीत आणि चिडलेली. मी काच खाली केली.

"वहिनी, समजवा हिला. पाहुणे अजून तयार आहेत. पायाशी चालत आलेली संधी कुणी लाथाडतं का?"

"लाथाडली ना. बघितलंस की."

"तुम्हीच डोक्यात भरलंय हिच्या." तिने आत वाकून बघितलं. मग आवाज बदलून, अगदी गोड, "बाळा, तो झगा तेवढा देऊन जा हं. पेटीतला आहे. पुढच्या वर्षी लागेल."

मी दार उघडणारच होते. घडी शांतपणे म्हणाली, "देते, मॅडम." झग्याखाली तिने तिचा निळा ड्रेस घातलेला होता. तिने झगा डोक्यावरून काढला, मांडीवर घेतला, आणि सवयीने बाह्या आत दुमडायला लागली. कोपऱ्याला कोपरा लागला. तिचे हात थांबले. तिने झग्याकडे बघितलं. मग दोन्ही मुठींनी तो असा चुरगळला, पिळला, बोळा केला, की तिची बोटं पांढरी पडली. बोळा तिने माझ्या पुढ्यातून खिडकीबाहेर धरला.

"घ्या," ती म्हणाली. "आता फोटोत छान दिसेल."

मी त्या बोळ्यावर माझं ओळखपत्र ठेवलं आणि काच वर केली.

घडीने गाडी सुरू केली, पहिला गिअर टाकला आणि आवाराच्या फाटकात, बरोब्बर मधोमध, गाडी बंद पाडली. क्लच घाईत सुटला होता. मागून पाहुण्यांची लांबलचक काळी गाडी आली आणि हॉर्न वाजवायला लागली. आरशात जाऊ दिसत होती, एका हातात बोळा, दुसऱ्या हाताने आम्हाला बाजूला व्हा म्हणून सांगत होती.

"सॉरी हां," घडी गाडीला म्हणाली.

"वाजवू दे त्यांना," मी म्हटलं. मी दोन्ही पाय उचलून सीटवर मांडी घातली. "घाई नाही आपल्याला. क्लच दाब, सावकाश."